आजारी आहे, पण नक्की किती? ‘सिव्हिअरली’, ‘बॅडली’ आणि मंडळींचा घोळ

यावेळच्या पत्रांमध्ये आणि मेलमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. त्रास, दुखणं, संकट हे नक्की किती आहे ते सांगायला इंग्लिशमध्ये जे शेवटी ‘ली’ लागणारे शब्द असतात ना, ते कुठे कुठला लावायचा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, यावेळी फक्त हेच. काही पत्रं फार लांब होती ती छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, माझं नर्सिंग झालंय आणि यूकेला जायचं म्हणून ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्ससाठी असते त्या इंग्लिश परीक्षेची तयारी चालू आहे. सिरीयसली इल, सिव्हिअरली इल, क्रिटिकली इल, ॲक्युटली इल, हे चारही मराठीत मला ‘गंभीर आजारी’च वाटतात. क्लासवाले सर म्हणतात काहीही लिही, सगळं सेम आहे. खरंच सेम आहे का? (नाशिक)

सेम नाहीये गं, आणि तुझ्या कामात तर अजिबातच नाही, कारण तू लिहिलेली नोट वाचून पुढच्या शिफ्टची नर्स ठरवणार की आधी कुणाच्या बेडकडे धावायचं.

‘क्रिटिकली’ म्हणजे जीव टांगणीला लागलेला, आयसीयू, व्हेंटिलेटर, कधीही काहीही होऊ शकतं असं. ‘सिरीयसली’ त्याच्या एक पायरी खाली, आजार मोठा आहे, हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत हॉस्पिटलं पेशंटची तब्येत बाहेर कळवताना गुड, फेअर, सिरीयस, क्रिटिकल असे शब्द वापरतात, त्यातही सिरीयसच्या वरती क्रिटिकल आहे बघ.

‘सिव्हिअरली’ मात्र शक्यतो अशा गोष्टीला लाव जिची माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशी चढती शिडी असते. सिव्हिअरली डिहायड्रेटेड, सिव्हिअरली अनीमिक. तिथे तो शब्द भावनेचा राहत नाही, आकड्याचा होतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की डब्ल्यूएचओच्या हिशोबाने तो सिव्हिअर ॲनिमिया, मग ती बाई तुझ्यासमोर हसत बसलेली का असेना. ‘सिव्हिअरली इल’ कुणी लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही, पण आजारी माणसाला सिरीयसली किंवा क्रिटिकली जास्त सहज बसतं.

आणि ‘ॲक्युट’, ह्याच्यावर आपली माणसं हमखास घसरतात. डॉक्टरी भाषेत ॲक्युट म्हणजे जोरात नाही, ॲक्युट म्हणजे अचानक आलेलं, नवं, थोड्या दिवसांचं. त्याचा उलटा शब्द माइल्ड नाही, क्रॉनिक आहे. तुला हे अंगणवाडीतून लगेच कळेल. मेळघाटात, नंदुरबारमध्ये अंगणवाडी सेविका ‘हे बाळ सॅममध्ये आहे, ते मॅममध्ये आहे’ असं सरळ मराठीसारखं बोलतात. सॅम म्हणजे सिव्हिअर ॲक्युट मालन्यूट्रिशन, मॅम म्हणजे मॉडरेट ॲक्युट मालन्यूट्रिशन. दोन्हीत ॲक्युट आहेच, कारण दोन्ही बाळांचं वजन अलीकडच्या काळात घसरलंय. किती घसरलंय ते सांगायला पुढचा शब्द बदलतो, दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत असेल तर सॅम, त्याच्या वर पण १२.५ च्या आत असेल तर मॅम. आणि वर्षानुवर्षं पोटाला कमी पडून ज्या मुलाची उंचीच खुंटली ते क्रॉनिक. पेपरवाले ‘ॲक्युट शॉर्टेज’ लिहितात तेव्हा त्यांना तीव्रच म्हणायचं असतं, तो बाहेरचा वापर झाला, वॉर्डात तो आणू नको.

अजून एक, तिकडे गेल्यावर ‘पेशंट इज सिरीयस’ असं म्हणू नको. आपल्याकडे ‘बाबा सिरीयस आहेत, लगेच निघ’ ह्या फोनचा अर्थ कुणालाही कळतो, पण लंडनच्या नर्सला वाटेल हा पेशंट मस्करी करत नाहीये. सिरीयसली इल म्हण, नाहीतर इन अ सिरीयस कंडिशन.

आणि पेशंट स्वतः सांगतो ते शब्द तसेच टिपून ठेव, सुधारू नको. कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायची एक प्रश्नावली छापली, त्यात सगळ्या दुखण्यासाठी मिळून पाच पायऱ्या आहेत: माइल्ड, डिस्कम्फर्टिंग, डिस्ट्रेसिंग, हॉरिबल, एक्स्क्रुशिएटिंग. ह्यात एकही ‘व्हेरी’ नाही हे बघितलंस का? पायरी चढली की शब्दच बदलला. ओईटीच्या लेटरमध्ये हे जमलं तर वाचणारा खूश होतो.

प्रश्न: इंग्रज लोक ‘टेरिबली नाइस’, ‘ऑफुली काइंड’ असं का म्हणतात? टेरिबल तर वाईट ना? मुलगा पुण्यातच जर्मन शिकतो, तो म्हणतो जर्मनमध्ये असलं काही नाही. (कोथरूड, पुणे)

आपणही ‘भयंकर गोड आहे हं बाळ’ म्हणतोच की. ‘जाम आवडलं’, ‘भयानक भारी’, ‘मरणाची गर्दी’, हे काय आहे मग? भीतीचे आणि दुखण्याचे शब्द झिजून झिजून नुसते ‘खूप’ होतात, सगळीकडेच होतं हे. टेरिबलमध्ये टेरर आहे, ऑफुलमध्ये ‘ऑ’ म्हणजे देवापुढे उभं राहिल्यावर वाटावी तशी दबलेली भीती आहे. आता ‘ऑफुली काइंड ऑफ यू’ म्हणणाऱ्या बाईंना चहाचा कप मिळालेला असतो फक्त.

आणि मुलाला सांगा की त्याच्या जर्मनमध्येच सगळ्यात मोठा पुरावा आहे. जर्मन लोक ‘खूप’ साठी रोज जो ‘झेअर’ शब्द वापरतात, तो आणि इंग्लिशमधला ‘सोअर’, म्हणजे घसा सोअर झाला म्हणतो तो, हे सख्खे भाऊ आहेत. मुळात अर्थ दुखरं, वेदना. जर्मनमध्ये त्यातली वेदना पार उडाली आणि उरलं फक्त ‘खूप’. इंग्लिशमध्ये दुखणं टिकलं आणि शिवाय ‘सोअरली’ हा तीव्रतेचा शब्दही राहिला, सोअरली नीडेड, सोअरली मिस्ड. गंमत म्हणजे ‘सॉरी’ पण ह्याच सोअरच्या घरातला. सॉरो, म्हणजे दुःख, तो शब्द जवळचा वाटतो पण तो वेगळ्या मुळाचा.

ह्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी की झिजलेला शब्द खऱ्या संकटात वापरला तर कुणी दचकत नाही. ‘आय ॲम टेरिबली सॉरी’ हे धक्का लागला, पायावर पाय पडला ह्यासाठी उत्तम. कुणाचे वडील गेले असतील तर नुसतं ‘आय ॲम सो सॉरी’ जास्त खरं वाटतं.

प्रश्न: मॅम, आयटीत आहे, मॅनेजर अमेरिकेत बसतो. मी आजारपणाच्या मेलमध्ये लिहिलं ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम व्हेरी सिव्हिअर फीव्हर अँड कोल्ड, आय वर्क्ड हार्डली टिल लेट नाइट’. त्याने रिप्लायमध्ये नुसती स्मायली टाकली. काय चुकलं? (हिंजवडी)

‘वर्क्ड हार्डली’ म्हणजे जेमतेमच काम केलं असं ऐकू येतं, इंग्लिशमध्ये ते अगदी नीट बसत नाही पण अर्थ तोच लागतो. स्मायली त्याचीच. मेहनतीला ‘हार्ड’, नुसतं हार्ड, ‘ली’ लावलं की ‘क्वचितच, जेमतेम’. लेट आणि लेटलीचंही तसंच, लेटली म्हणजे हल्ली.

बाकी ताप हाय असतो, सर्दी बॅड असते, डोकेदुखी स्प्लिटिंग किंवा बॅड, रक्तस्राव हेवी, पाऊस हेवी. इट्स रेनिंग हेविली, शी वॉज ब्लीडिंग हेविली. ह्या जोड्या ठरलेल्या आहेत, त्याला कारण विचारू नका, आपल्याकडे तरी ऊन ‘कडक’ आणि पाऊस ‘मुसळधार’ का असतो? ‘बॅडली’ हा शब्द तुम्हाला रोज लागेल: बॅडली हर्ट, बॅडली डॅमेज्ड, आणि नीड-वॉन्ट बरोबर तर फारच छान, ‘आय बॅडली नीड अ डे ऑफ’. त्यात ‘वाईट रीतीने’ काही नाहीये, नितांत गरज एवढंच. पण ‘बॅडली इल’ सहसा म्हणत नाहीत. आणि ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ पेक्षा ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’, कारण एक्झॉस्टेड म्हणजे आधीच संपलेला माणूस, त्याला व्हेरी काय लावणार.

अर्थात खरं सांगू का, मेलमध्ये ह्यातलं काहीच नको. १०२ ताप आहे, दोन दिवस येणार नाही, माझी तिकिटं (म्हणजे माझ्या नावावरची कामं) अमुक बघेल. संपलं. मॅनेजरला तुमचं सिव्हिअरली नको असतं, तारीख हवी असते.

प्रश्न: स्थानिक दैनिकात काम करतो. हवामान खात्याचं इंग्लिश बुलेटिन येतं त्यात हेवी, व्हेरी हेवी, एक्स्ट्रीमली हेवी. आम्ही सगळ्याला मुसळधार छापतो आणि अंक बंद करतो. चालतं ना? (लातूर)

नाही हो, निदान तुम्ही तरी असं करू नका. हे इंग्लिशमधलं असं एक दुर्मीळ ठिकाण आहे जिथे ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ला मिलिमीटर आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे हेवी, ११५.६ ते २०४.४ म्हणजे व्हेरी हेवी, त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. म्हणजे ‘व्हेरी’ शब्द उडवलात तर तुम्ही पाऊस अर्ध्यावर आणू शकता. मुसळधार, अतिमुसळधार, अत्यंत मुसळधार, असं काहीतरी एकदा ठरवा आणि ऑफिसमध्ये चिकटवून ठेवा, आणि शक्य असेल तिथे आकडा छापा. महसूलवाल्यांची ‘अतिवृष्टी’ वेगळी, ती मंडळात ६५ मिमी पडला की होते आणि पंचनामे, मदत त्यावर ठरते, तेव्हा एक्स्ट्रीमलीचं भाषांतर चुकूनही अतिवृष्टी करू नका, शेतकरी तलाठ्याकडे अंक घेऊन जाईल.

शिडीच्या वरच्या टोकाला शब्द संपतात हेही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला. कागदावर तोही एक्स्ट्रीमली हेवी आणि २०५ मिमी तोही एक्स्ट्रीमली हेवी.

वादळांचंही असंच आहे. २०२० मध्ये अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग हे ‘सिव्हिअर सायक्लॉनिक स्टॉर्म’ होतं आणि २०२१ चं तौक्ते ‘एक्स्ट्रीमली सिव्हिअर’. मधे ‘व्हेरी सिव्हिअर’ची पूर्ण पायरी आहे. पण ज्याचे पत्रे आणि नारळाची बाग गेली त्या श्रीवर्धनच्या माणसाला विचारा निसर्ग कमी पायरीचं होतं का, ते वाऱ्याच्या वेगाचं माप आहे, नुकसानीचं नाही.

जाता जाता तुमच्याच धंद्यातलं. ‘फेटली इंजर्ड’ म्हणजे गंभीर जखमी नाही, तो माणूस गेला. एजन्सीच्या बातमीवरून ‘अपघातात गंभीर जखमी, उपचार सुरू’ असं छापून मोकळे होऊ नका.

प्रश्न: ग्रुपवर कुणी गेलं की सगळे ‘हार्टली कंडोलन्सेस’ टाकतात, आणि तेच लोक वाढदिवसाच्या बॅनरवर ‘हार्टली काँग्रॅच्युलेशन्स’. बरोबर आहे का? (ठाणे)

हार्टली असा शब्दच नाही. महाराष्ट्रातल्या फ्लेक्सवर तो इतका दिसतो की आता त्याला रेशनकार्ड द्यायला हरकत नाही. अभिनंदनाला हार्टी किंवा हार्टिएस्ट, शोकाला हार्टफेल्ट. दुःखाबरोबर जमणारे दुसरे: डीपली सॅडन्ड, डीपली शॉक्ड, डीपली ग्रेटफुल पण. बिटरली मात्र सांभाळून, त्यात कडवटपणा असतो, बिटरली डिसअपॉइंटेड, बिटरली रिग्रेट, आणि थंडी बिटरली कोल्ड. ‘ही विल बी सोअरली मिस्ड’ हे श्रद्धांजलीचं ठरलेलं वाक्य, चांगलं आहे, पण फक्त गेलेल्या किंवा सोडून जाणाऱ्या माणसासाठी. बदली झालेल्या साहेबासाठी लिहिलंत तरी चालेल, मनात काय आहे ते तुमचं तुम्हाला माहीत.

प्रश्न: मुलगा मर्चंट नेव्हीत कॅडेट म्हणून लागतोय. इंग्लिश बरं आहे पण बोलताना भिडस्त. मला काळजी अशी की बोटीवर खरंच काही झालं तर हा ‘सर, स्मॉल प्रॉब्लेम’ असं म्हणत बसेल. संकट जोरात सांगायला कोणते शब्द पाठ करून घेऊ? (रत्नागिरी)

तुमची काळजी एकदम योग्य जागी आहे, आणि ती फक्त भिडस्त मुलांची नाही.

२४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान इंडोनेशियातल्या जावा बेटाजवळून चाललं होतं, गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना माइकवरून जे सांगितलं ते जगप्रसिद्ध आहे, ‘वी हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम’, चारही इंजिनं थांबलीत, आम्ही ती चालू करायची शिकस्त करतोय, आणि शेवटी आय ट्रस्ट यू आर नॉट इन टू मच डिस्ट्रेस. इंजिनं परत सुरू झाली, जकार्ताला उतरले, सगळे वाचले, म्हणून आज आपण हसतो. पण नीट बघा, ‘स्मॉल’ म्हटल्यावर लगेच पुढच्या वाक्यात ‘चारही’ हा शब्द आहे. लपवलं काहीच नाही.

उलटं उदाहरण कोरियातलं, एप्रिल १९५१, इमजिन नदीची लढाई. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांच्या माणसांना चिन्यांनी घेरलं होतं आणि त्यांनी वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं ‘इट्स अ बिट स्टिकी’, असा किस्सा सांगतात. ब्रिटिश कानाला ह्याचा अर्थ आम्ही मेलो. अमेरिकन कानाला ह्याचा अर्थ थोडी अडचण आहे, चालवून घेतायत. ग्लॉस्टर्स रेजिमेंटची तुकडी टेकडीवर अडकली आणि बहुतेक जण मारले गेले नाहीतर कैद झाले. तेवढं सगळं एका ‘अ बिट’मुळे झालं असं मी म्हणणार नाही, लढाई मोठी होती, पण ‘अ बिट’ने मदत नक्कीच केली नाही.

आणि तिसरं तुमच्या मुलाला नक्की सांगा. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून आलेलं आव्हियांका कंपनीचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कच्या आसपास खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. को-पायलट टॉवरशी बोलताना म्हणाला की आम्हाला प्रायॉरिटी हवी, आणि नंतर म्हणाला आमचं इंधन संपत आलंय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने कंट्रोलरला उच्चारला नाही, जरी कॅप्टन कॉकपिटमध्ये सांगत होता की इमर्जन्सी आहे म्हणून कळव. कंट्रोलरच्या दृष्टीने त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होतं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. त्याचं इंग्लिश खराब नव्हतं हो. त्याने ‘डेस्परेटली’, ‘एक्स्ट्रीमली’ असलं काही लावलं असतं तरी काही उपयोग झाला नसता असं मला वाटतं, कारण ऐकणारा माणूस एका ठरलेल्या शब्दाची वाट बघत असतो, तो आला की त्याची सगळी यंत्रणा हलते.

समुद्रावर ते शब्द आणखी पक्के आहेत. जीव किंवा जहाज जाण्याची वेळ आली तर ‘मेडे’ तीन वेळा, तातडीचं आहे पण आत्ता जीव जात नाहीये तर ‘पॅन-पॅन’ तीन वेळा, नुसता सावधगिरीचा इशारा द्यायचा तर ‘सेक्युरिते’. मग जहाजाचं नाव, जागा, काय झालं, काय मदत हवी, माणसं किती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये बोटीवर बोलायची ठरावीक वाक्यं स्वीकारली आहेत, कॅडेटला ती शिकवतातच, ‘आय ॲम ऑन फायर’, ‘आय रिक्वायर असिस्टन्स’ अशी सुटसुटीत वाक्यं. आग किती भयंकर आहे ते सांगायला त्यात जागाच ठेवलेली नाही. भिडस्त मुलाला ही चांगली सोय आहे, त्याला जोर आणायचा नाहीये, पाठ केलेलं म्हणायचंय. घरी त्याच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

प्रश्न: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सिरीयसली हर्ट’ आणि ‘ग्रीव्हसली हर्ट’ एकच का? (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर)

कोर्टात नाही. ‘ग्रीव्हस हर्ट’ ही कायद्याने बांधलेली व्याख्या आहे, जुन्या आयपीसीत कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ११६. आठ प्रकार आहेत, त्यात डोळा जाणं, हाड मोडणं, दात पडणं. म्हणजे एक दात पडला तरी ग्रीव्हस, आणि दिसायला अंग काळंनिळं झालं असलं तरी आठात बसत नसेल तर नाही. आठव्या प्रकारात ‘सिव्हिअर बॉडिली पेन’ आहे, तिथे दिवस मोजतात, आयपीसीत २० होते, आता १५ केलेत. तक्रारीत लोक ‘ब्रूटली’, ‘मर्सिलेसली’ भरपूर लिहून आणतात, त्याने वाचणाऱ्याचं मन हलतं, कलम हलत नाही. मेडिकल सर्टिफिकेटमध्ये कुठलं हाड ते बघत जा.

प्रश्न: पिक्चरच्या पोस्टरवर ‘क्रिटिकली अक्लेम्ड’ असतं. म्हणजे सिनेमा सिरीयस आहे का? (बेळगाव)

तब्येत ठणठणीत आहे हो सिनेमाची. हा ‘क्रिटिकली’ क्रिटिक म्हणजे समीक्षक ह्याच्याकडून आलाय, समीक्षकांनी वाखाणलेला. वरती नाशिकच्या ताईला सांगितलेला आयसीयूवाला क्रायसिसच्या बाजूचा. माळढोक पक्ष्याला ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ म्हणतात तोही त्याच बाजूचा, धोक्याच्या यादीतली रानातून नामशेष व्हायच्या आधीची शेवटची पायरी. तेव्हा क्रिटिकलीच्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय घाबरायचं नाही. आणि पोस्टरवर ते लिहिलेलं असेल तर तिकीट सहसा आरामात मिळतं, असा माझा अंदाज.